गुंफाकाकूची वाडी

वलगावात खोली घेतली, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी मागच्या भिंतीपलीकडून भांडण ऐकू आलं. भांडण एकतर्फी होतं. बाईचा आवाज खणखणीत होता आणि समोरचं माणूस तोंडातून ब्र काढत नव्हतं.

"पानी पाह्यजे, खत पाह्यजे, सावली पाह्यजे! अन् देऊन काय राह्यली? पानं! निस्ती पानं! लाज नाई वाटत?"

नवी सून असेल बिचारी, असं मला वाटलं. चहाचा कप तसाच हातात धरून मी अंगणातल्या धुण्याच्या दगडावर चढले आणि भिंतीवरून डोकावले. पलीकडे एक ठेंगणी, भक्कम बाई पदर कमरेला खोचून भोपळ्याच्या वेलीसमोर उभी होती. आसपास दुसरं कुणीही नव्हतं.

तिनं मान वर केली. "काय पाह्यतं वं? नवी मास्तरीन का तू?"

"हो."

"मंग ये इकडं. शायेत पोट्ट्यायले दम देतं नं? हिले बी दे एखांदा. माह्यं आयकत नाई हे."

गुंफाकाकूंशी माझी ओळख झाली ती अशी. पुढे वलगावच्या शाळेत मी बरीच वर्षं काढली आणि त्या सगळ्या वर्षांत अलार्म लावायची गरज मला क्वचितच पडली.

काकूंचं घर फुलमाळ्याचं. घर लहान आणि मागची वाडी मात्र लांबच लांब, नाल्यापर्यंत गेलेली. मधे विहीर. विहिरीच्या अलीकडे भाजी, पलीकडे फुलं आणि कडेनं पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचं, कुंपण. शेवंती, झेंडू, मोगरा अमरावतीच्या बाजारात जायचा, भाजी गावातच खपायची. त्यातली निम्मी विकली जायची आणि निम्मी काकू वाटून टाकायच्या. दारावरून जाणारा माणूस रिकाम्या हातानं गेला तर त्यांना तो आपला अपमान वाटायचा. एकदा विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला त्यांनी एवढी वांगी दिली, की त्यानं हेल्मेट काढून त्यात भरली आणि उघड्या डोक्यानं गाडी चालवत गेला.

काकूंचे यजमान एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो, काकू त्यांना 'डायवरसायेब' म्हणायच्या. आयुष्यभर इंजिनाचा आवाज ऐकल्यामुळे की काय, काकाजींना बोलायची फार हौस नव्हती. काकू बोलायच्या आणि ते मान हलवायचे. पण त्यांची मान कोणत्या वाक्याला हलते आणि कोणत्या वाक्याला हलत नाही, यावर काकूंचं बारीक लक्ष असायचं.

थंडी संपली हे वलगावात काकू ठरवायच्या. हिवाळ्यात पहाटे विहिरीतून काढलेल्या बादलीवर वाफ दिसते. माघातल्या एखाद्या सकाळी ती दिसेनाशी झाली, की काकू विळ्याच्या मुठीनं माझ्या भिंतीवर ठोकायच्या. "बाई, ऊठ! थंडी गेली!" मी अंगावर दोन गोधड्या घेऊन कुडकुडत असले तरी थंडी गेलेली असायची. त्या दिवसापासून वाडीत धांदल सुरू. जून झालेली मेथी, फुलावर आलेली कोथिंबीर, वाळलेले वाटाण्याचे वेल उपटायचे, वाफे मोकळे करायचे, जमीन उकरून उन्हाला टाकायची, शेणखत पसरायचं. दोडकी, कारली, काकडी, गवार हे सगळं फाल्गुन चढायच्या आत मातीत गेलं पाहिजे.

बी रुजवायची त्यांची एक तऱ्हा होती. दोडक्याचं, कारल्याचं बी रात्री भिजवायचं, सकाळी ओल्या फडक्यात बांधायचं आणि ती पुरचुंडी कमरेला खोचायची. अंगाच्या उबेनं बी लवकर फुटतं, असं त्या सांगायच्या. मग दोन-तीन दिवस काकू जिथं जातील तिथं बी जायचं. असंच एकदा बँकेच्या रांगेत त्या मधेच ओरडल्या, "फुटलं वं माय!" पुढचे-मागचे सगळे दचकून बाजूला सरकले आणि काकूंचा नंबर लगेच लागला.

पण त्यांची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. गुंफाकाकू झाडं चोरायच्या.

पूर्ण झाड नाही, काडी. गुलाबाची, मोगऱ्याची, जास्वंदीची. कुणाच्या अंगणात आपल्याकडे नसलेलं काही दिसलं की काकूंची नजर बदलायची. मागितलं असतं तर कुणीही दिलं असतं. काकूंची वांगी गेली नाहीत असं घर पंचक्रोशीत नव्हतं. पण काकूंचं मत ठाम होतं. "मांगून आनलेलं झाड रुसते. चोरून आनलेलं जगते." काडी तोडायची, पानं झटक्यात ओरबाडायची आणि अंबाड्यात आकड्यासारखी खोचायची. आमच्या शाळेत हळदीकुंकवाला आल्या तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंच्या लाडक्या पांढऱ्या जास्वंदीची काडी अशीच गेली. बाईंनी ती जाताना पाहिली होती. त्या मला म्हणाल्या, "जाऊ दे. आपल्याकडं तिला फूल येत नाही, काकूंकडं येईल." आणि आलंही.

काकूंच्या मुलीचं, वैशालीचं लग्न जमलं ती गोष्ट अजूनही वलगावात सांगतात. मी तिथं होते, म्हणून खात्रीनं सांगू शकते.

तिवशाचं स्थळ होतं. मुलगा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात नोकरीला. घरी विधवा आई, म्हातारी आजी आणि हा एकुलता एक. आई कडक, हसत नाही, अशी बातमी आधीच आली होती. त्यांच्याकडून वैशालीला पसंती आली होती आणि आता आमच्याकडच्यांनी घर पाहायला जायचं होतं. काकू मला म्हणाल्या, "तू चाल सोबत. शिकलेलं मानूस असलं की मले बोलताना धाक राह्यते." निघताना काकाजींनी इतकंच म्हटलं, "अंबाडा सांभाळ."

"काहून? मले का अक्कल नाई?" काकू तडकल्या.

काकूंच्या पुतण्याच्या गाडीतून काकू, काकाजी आणि मी निघालो. फाल्गुन लागला होता, संत्र्याच्या बागा फुलल्या होत्या आणि उघड्या काचांतून तो गोड वास सारखा आत येत होता. काकू सगळ्या रस्त्यानं स्वतःलाच बजावत होत्या, "आज नाई. आज काहीच नाई."

तिवशाला घर नीटनेटकं होतं. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईचं नाव शकुंतलाबाई. त्या ताठ बसून मोजकं बोलत होत्या. काकू इतक्या सभ्यपणे वागत होत्या की मला त्यांची काळजी वाटायला लागली. मग काकू हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेल्या आणि यायला जरा उशीर झाला. मी खिडकीतून पाहिलं. तिथं गावरान गुलाबाचं झुडूप होतं, गुलकंदाला लागतो तो, फिक्या गुलाबी रंगाचा. काकू त्याला खेटून उभ्या होत्या.

निघायची वेळ झाली. मुलाच्या थकलेल्या आजींच्या पाया पडायला काकू वाकल्या आणि अंबाड्यातून हिरवी काडी निसटून आजींच्या पायाशी पडली.

काकूंचा पुतण्या छताकडे बघायला लागला. काकाजींनी डोळे मिटून घेतले. शकुंतलाबाईंनी वाकून काडी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

काकूंचा चेहरा पडला होता, पण त्या मागे हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. "चोरी झाली माह्याकून," त्या म्हणाल्या. "मांगलं असतं तं तुमी देल्लं असतं, मले मालूम हाये. पन मांगून आनलेलं गुलाब रुसते. माह्या पोरीचा याच्यात काई दोष नाई. तिले काडी चोरता येत नाई, लय खेप शिकवून पाह्यलं."

शकुंतलाबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कात्री होती. त्यांनी ती ओसरीच्या कठड्यावर ठेवली, आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाल्या, "ही काडी कवळी हाये, जगनार नाई. जून पाहून घ्या. मी काई पाहून नाई राह्यली."

काकू कात्री घेऊन धावतच अंगणात गेल्या. शकुंतलाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्याच होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. हसत नाहीत अशी जी बातमी होती ती साफ खोटी निघाली. लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. विहिणी-विहिणींमध्ये मानपानावरून एकदाही वाद झाला नाही. एकमेकींच्या घरी आल्या की दोघी मागच्या दारी जायच्या आणि यजमानीण मुद्दाम पाठ फिरवायची.

वैशाली सासरी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात काकाजींना झटका आला. सकाळी दात घासता घासता ते खाली बसले ते उठेचनात. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, जीव वाचला. घरी आले तेव्हा उजवा हात-पाय लुळा होता आणि बोलणं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, वाचा येईल, पण त्यांनी प्रयत्न केला पाहिजे, त्यांच्याशी बोलत राहा. आणि नेमकं त्याच वेळी काकूंचं बोलणं बंद झालं. म्हणजे बोलायच्या, पण दवाखान्यात बोलतात तसं, हळू आवाजात. "चहा देऊ का? उशी नीट करू का?" काकाजी मानही हलवायचे नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

माघ आला. बादलीवरची वाफ गेलेली मला माझ्याच अंगणात दिसली, पण भिंतीवर कुणी ठोकलं नाही. वाडीत मेथी जून होऊन पिवळी पडली. काकूंची नणंद येऊन सांगून गेली, औंदा वाडी ठोक्यानं कुणाला तरी कसायला देऊन टाक, तुझ्याच्यानं निभायचं नाही. काकू "पाहू" म्हणाल्या. गुंफाकाकूंच्या तोंडून 'पाहू' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मला धडकीच भरली.

आणि एका सकाळी भिंतीपलीकडून काहीतरी ओढत नेल्याचा आवाज आला. मी दगडावर चढले. काकू काकाजींची बाज काकाजींसकट घराबाहेर ओढत होत्या. पुतण्या एका बाजूनं हात लावत होता. बाज विहिरीजवळच्या लिंबाच्या झाडासमोर आणून ठेवली. रसरशीत कागदी लिंबाचं झाड, पण लावल्यापासून त्याला एकही लिंबू आलं नव्हतं.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. न फळणाऱ्या झाडाला माघात धाक दाखवायचा. एकानं कुऱ्हाड घेऊन तोडायला जायचं, दुसऱ्यानं मधे पडून झाडाची जमानत घ्यायची: राहू द्या, पुढल्या साली देईल. मग झाड भिऊन फळतं म्हणतात. काकू दरवर्षी या लिंबावर कुऱ्हाड घेऊन जायच्या आणि काकाजी दरवर्षी जमानत द्यायचे. न बोलणारे काकाजी त्या एका दिवशी अगदी वकिलासारखे उभे राहून बोलायचे.

त्या दिवशी काकूंनी पदर खोचला आणि कुऱ्हाड उचलली. आवाज एकदम पहिल्यासारखा.

"इतल्या सालापासून खाऊन राह्यलं! आज नाई सोडत! कोनी हाये का याचं? असंन तं बोला, नाई तं मी तोडून राह्यली!"

काकाजी भिंत नसल्यामुळे आभाळाकडे पाहत पडले होते. त्यांनी डोळे वळवले. डावा हात थोडा उचलून हलवला.

"हात नाई चालत," काकू म्हणाल्या. "जमानत तोंडानं द्या लागते."

शेजारपाजारची माणसं कुंपणाशी जमली होती. कुणीतरी म्हणालं, "अवं काकू, कशाले तरास देतं त्यायले?" काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी कुऱ्हाड उगारली आणि खरोखर घाव घातला. खालची एक फांदी मोडून लोंबायला लागली. हे नाटकात नव्हतं. काकाजींनी कोपरावर जोर देऊन डोकं उचललं. काकूंनी पुन्हा कुऱ्हाड वर नेली.

"आ... आऊ..." काकाजींच्या तोंडून घोगरा आवाज निघाला. चेहरा लाल झाला होता. "आऊ दे!"

काकू तशाच थांबल्या. "कोन बोल्लं?"

"आऊ दे वं!" काकाजी या वेळी चक्क चिडून म्हणाले.

काकूंनी कुऱ्हाड टाकली, लिंबाकडे वळून म्हणाल्या, "आयकलं का रे? सुटला तू!" आणि वाफ्यातच फतकल मारून बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते सांगणं कठीण होतं. काकाजींनाही हसू आलं, अर्ध्याच चेहऱ्यावर, पण आलं.

झालं, काकूंना उपाय सापडला. दुसऱ्या दिवसापासून त्या वाडीतल्या झाडाझाडाला कोर्टात उभं करायला लागल्या. सीताफळ, पेरू, कढीलिंब, अगदी कालपरवा लावलेली वांगीसुद्धा. प्रत्येकासाठी काकाजींना तोंड उघडावं लागायचं. "आऊ दे" चं "राऊ दे" झालं आणि होळीच्या सुमारास "राहू दे वं माय, काहून डोकं खातं" इतकं लांब वाक्य आलं, तेव्हा काकूंनी आळीत साखर वाटली.

कामाचा प्रश्न उरलाच होता. वेलांसाठी मांडव घालायचा होता, बांबू पुरायचे होते. एका रविवारी न बोलावता सगळी आळी आली. पुढं आमच्या मुख्याध्यापिकाबाई, मागं शकुंतलाबाई, त्यांचा मुलगा आणि वैशाली थेट तिवशाहून. ज्याच्या अंगणातून काड्या गेल्या होत्या ते जवळजवळ प्रत्येक घर हजर होतं. मी मेथी उपटली आणि माझ्या हाताला फोड आले, एवढंच माझं योगदान. पुरुषांनी मांडव उभा केला. बायकांनी गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची तर्रीदार भाजी केली. काकू बाजेच्या कडेला बसून, कमरेला बियाची पुरचुंडी खोचून, प्रत्येक गोष्टीत चूक काढत होत्या. बांबू वाकडा, रोडगा करपला, भाजीत मीठ कमी. काकाजींना वैशाली रोडगा कुस्करून तुपात भिजवून भरवत होती. त्यांनी तोंडातला घास संपवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाजी चांगली हाये." काकूंचा तोंडाचा पट्टा जागच्या जागी थांबला. मांडवाखाली असं हसू फुटलं की नाल्यावरचे बगळे उडाले.

लिंबाचं मात्र काही झालं नाही. त्या वर्षीही नाही आणि त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी एकदा विचारलं तर काकू म्हणाल्या, "जमानतदारच बोबडा. झाड कशाले भेते?"

नंतर माझी बदली अकोल्याला झाली. फोन चालू असायचे, म्हणजे काकू बोलायच्या आणि मी ऐकायची. जाणं मात्र होत नव्हतं. मागच्या वर्षी फाल्गुनात शाळेच्या कामासाठी अमरावतीला जायचं निघालं, काम लवकर संपलं आणि मी वलगावची गाडी धरली.

दार उघडं होतं, घरात कुणी नव्हतं. मी मागच्या दारातून वाडीत गेले. दुपार कलली होती. मोगऱ्याला माघात ताण देतात, पाणी तोडतात, म्हणजे उन्हाळ्यात कळ्या भरून येतात. तो ताण त्या दिवशी सुटणार होता. जमीन भेगाळलेली, झुडपं मलूल. काकाजी काठी टेकून विहिरीजवळ मोटारीच्या बटणापाशी उभे होते. ते लाइन येण्याची वाट पाहत होते. काकू वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला, कोरड्या पाटात अनवाणी उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते आणि त्या बारीकही झाल्या होत्या.

मी हाक मारणार एवढ्यात वीज आली. मोटारीनं घरघर केली आणि पाणी पाटात पडलं. काळ्या भेगांमधून फुगे सोडत, वाळलेली पानं पुढे ढकलत ते सावकाश काकूंकडे निघालं. काकू त्याच्याकडे पाहत होत्या आणि या खेपेला एक शब्दही बोलत नव्हत्या. पाणी त्यांच्या पावलांना लागलं. त्यांनी पातळ घोट्याच्या वर धरलं, डोळे मिटले आणि लहान मुलीसारखं पाण्यात दोनदा पाय आपटून घेतले. चिखलाचे शिंतोडे कमरेपर्यंत उडाले.

मग डोळे उघडले आणि मी दिसले.

"अवं बाई!" त्या तिथूनच ओरडल्या. "तठी उभी राहून काय पाह्यतं? चपला काढ अन् ये पान्यात! लाइन कवा जाईन, काई भरवसा नाई!"

मी चपला काढल्या.